पाणी गाडीपर्यंत आलं, टाकीत जाईना

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या मापाची, आतून मोटरहोम केलेली, भाड्याने घेतलेली. मागच्या बाकाखाली १५० लिटरची चांगल्या पाण्याची टाकी, खाली चेसिसला सांडपाण्याची. १२ व्होल्टचा प्रेशर पंप, बाहेरून हवा घेणारा गॅस गीझर, एक सिंक, एक शॉवर. पाणी भरायचं तोंड डाव्या अंगाला, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या थोडं वर, कुलपाच्या झाकणामागे. माणसं पाच: माझी ताई, दाजी, दोन भाचरं आणि दाजींच्या आई. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली होती, म्हणून शनिवारी सकाळी नाशिकला टाकी काठोकाठ भरून ही मंडळी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला निघाली. मी सातपूरला गाड्यांच्या आतलं काम करतो. रुग्णवाहिका, फूड ट्रक आणि अलीकडे अशा राहायच्या गाड्या. त्यामुळे रविवारी सकाळी सहाला फोन वाजला तो माझाच.

"अरे, नळाला पाणीच येत नाहीये. पंप नुसता घरघरतोय."

समोर गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा भरलेला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, हजारो पाणपक्षी खुशाल पोहतायत आणि गाडीत चूळ भरायला पाणी नाही. त्यात निफाडची थंडी. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातमीत झळकतो तो याच तालुक्यातला.

राहायच्या गाड्यांबद्दल लोक विचारतात ते बेड किती, एसी चालतो का, सोलर किती वॅटचं. पाणी संपल्यावर भरायचं कसं, हे सहसा कोणी विचारत नाही. परदेशात मुक्कामाच्या जागी नळ असतो, पाईप लावला की झालं. आपल्याकडे गाडी उभी राहते ती कुणाच्या तरी शेताच्या कडेला, आणि नळ असतो अर्धा किलोमीटर लांब. ही गाडी उभी होती एका द्राक्षबागायतदाराच्या खळ्यात. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो.

टाकी खरंच रिकामी होती का

पहिला प्रश्न मी हाच विचारला. ताई म्हणाली, रिकामीच असणार, कारण रात्री मुलांनी शॉवर सोडून आंघोळी केल्या. हिशेब करून पाहिला. असा शॉवर मिनिटाला साधारण सहा लिटर पाणी घेतो. सात मिनिटं एक जण म्हणजे ४२ लिटर, दोघांचे मिळून ८४. दिवसभराचा चहा, भांडी, हातपाय असे २० धरले तरी बेरीज शंभराच्या आसपासच येते. मोठ्यांच्या आंघोळी अजून व्हायच्या होत्या. दाजींच्या आईंनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं की मला बादली आणि तांब्या द्या, त्या पिचकारीखाली मी उभी राहणार नाही. बादलीची आंघोळ १५ लिटरच्या आत होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणजे आत अजून ५० लिटरच्या आसपास पाणी असायला हवं. इंडिकेटरही एक तृतीयांशच दाखवत होता, पण भाड्याच्या गाडीच्या इंडिकेटरवर कोण विश्वास ठेवतो.

मग ताईने सहज सांगितलेली एक गोष्ट कामाला आली. रात्री शॉवर मध्येच गार पडायचा. पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा सोडला की गरम यायचा. इन्स्टंट गॅस गीझरला पेटायला पाण्याचा ठरावीक जोर लागतो, जोर कमी झाला की ज्योत विझते. आणि जोर थोड्या विश्रांतीनंतर परत येत असेल, तर पंपात किंवा बॅटरीत खोट असण्याआधी टाकीत हवा शिरत नसल्याचा संशय घ्यावा. पंप पाणी ओढतो, त्या जागी हवा आली नाही तर आत निर्वात तयार होतो आणि शेवटी पंप हरतो. बारीक फटीतून थोडी थोडी हवा आत झिरपली की तेवढ्यापुरतं पाणी परत चालतं.

दाजींना म्हटलं, "बाकाची फळी उचला आणि टाकीकडे बघा." टाकीचा वरचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकच, मधोमध खोलगट झाला होता, जेवायचं ताट मावेल एवढा. "आता बाहेर जाऊन भरायच्या तोंडाचं झाकण उघडा." फोनवर मलाही ऐकू आलं. आधी लांब फुसकारा, मग गाडीच्या आतून "धप्प". टाकी जागेवर आली आणि नळाला धार लागली.

सकाळच्या चहाचा प्रश्न मिटला. पण उरलेल्या ५० लिटरांत पाच जणांचा रविवार, रात्र आणि सोमवारची सकाळ निघणार नव्हती. शंभर लिटर तरी आत घालायला हवे होते, आणि तेही हातानेच.

कोणतं पाणी, कशातून

पर्याय चार. बंधाऱ्याचं पाणी मी ऐकूनच घेतलं नाही. नाशिक शहराच्या खालच्या अंगाची गोदावरी आहे ती, शहराचं सगळं पोटात घेऊन येते. नानांचं बोअर खळ्यातच होतं, पण नाना स्वतःच म्हणाले, "आवो, ते मचूळ आहे. आम्ही पण प्यायला आरओचंच आणतो." घरचा मालक जे पाणी पीत नाही ते पाहुण्याने टाकीत घालू नये, यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. (दुपारी मी तिथे गेलो तेव्हा टीडीएस मीटर बुडवून पाहिलाच. हजाराच्या वर गेला. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. पण हा मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू आहेत का, खतांचा नायट्रेट उतरलाय का, हे तो सांगत नाही. बागायती भागात हे लक्षात ठेवावं.) ग्रामपंचायतीचा नळ सकाळी तासभर येतो, त्या दिवशी येऊन गेला होता. राहिला गावातला आरओ प्लांट. पाच रुपयांचं नाणं टाकलं की २० लिटर.

आता भांडं. नानांचा जीव मोठा. त्यांनी लगेच निळा दोनशे लिटरचा ड्रम आणि फवारणीचा एचटीपी पंप पुढे केला. ट्रॅक्टरवर ड्रम भरून आणू, पंपाने दोन मिनिटांत टाकीत फेकू. दिसायला इतका सोपा मार्ग दुसरा नव्हता आणि मी फोनवर जवळजवळ ओरडलोच, नको म्हणून. ऑक्टोबर छाटणीपासून त्या ड्रमात द्राक्षांवरच्या भुरी, डाऊनी या रोगांची औषधं कालवली गेलेली. नाना म्हणाले, तीनदा धुतलाय. औषधाचं भांडं तीनदा खळबळून धुवावं हा नियम बरोबरच आहे, पण तो भांडं टाकून देण्याआधीचा नियम आहे, पिण्यासाठी वापरण्याआधीचा नाही. औषध प्लास्टिकमध्ये आणि पंपाच्या रबरी नळीत मुरतं, नंतर हळूहळू सुटतं. आणि ते एकदा गाडीच्या टाकीत, पंपात, गीझरच्या कॉइलमध्ये गेलं की धुणार कुठे कुठे? नाना जरा हिरमुसले. दाजींनी मग सांभाळून घेतलं, "नाना, ड्रम नको, पण ट्रॅक्टर लागेल." ते वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

नानांच्या मुलाने मोटरसायकलवर दोन जार आणले. पाण्याच्या धंद्यातले नेहमीचे, निळसर, २० लिटरचे.

साडेतीन फूट

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकतो आणि विसरतो. भरलेला जार जवळपास २१ किलो. नानांच्या खळ्यातली माणसं टोमॅटोचं २० किलोचं कॅरेट दिवसभर उचलतात, पण कॅरेटला दोन्ही बाजूंना धरायला जागा असते आणि ते गाडीत ठेवलं की काम संपतं. जार छातीपर्यंत उचलायचा, तिरका करायचा, आणि तसाच हवेत धरून ठेवायचा. त्यात तो गोल, गुळगुळीत, थंडीने ओला. पाणी जसं बाहेर पडतं तसा त्याचा तोल हातात सारखा बदलतो.

दाजींनी पहिला जार खांद्यावर घेतला. ताईने भरायच्या तोंडात नरसाळं धरलं. जाराच्या तोंडातून पाणी भक्भक् करत येतं, कारण त्यालाही आत हवा घ्यायची असते. भरायचं तोंड दीड इंची. एवढं पाणी एकदम आलं की ते तोंड पूर्ण भरतं, आतल्या हवेला बाहेर यायला वाट राहत नाही, आणि ती पाण्यालाच उलटं ढकलून देते. तेच झालं. नरसाळ्यातून कारंजं उडालं, ताईची बाही कोपरापर्यंत भिजली, झाकणाचं कुलूप दाजींच्या मनगटाला लागलं. २० लिटरांतले पाचसहा चाकाखाली गेले. आणि जार खाली ठेवताना दाजींच्या पाठीत उसण भरली.

मला त्यांच्या ताकदीबद्दल शंका नाही, दाजी रोज सकाळी गंगापूर रोडला पळणारा माणूस. पण हे काम ताकदीचं नाहीच. नळ ते गाडी हे अंतर कितीही असो, चाकं लावून ते कापता येतं. अवघड असतात ती शेवटची साडेतीन फुटं वर. तिथे माणसाने पाणी उचलायचं ठरवलं की पाणी सांडणार आणि कंबर जाणार.

पाणी आधीच तेवढ्या उंचीवर असेल तर ते आपोआप उतरेल. आणि खळ्यात साडेतीन फूट उंचीची एक गोष्ट उभी होतीच: ट्रॅक्टरची ट्रॉली.

नानांचा मुलगा ट्रॉली घेऊन गावात गेला. प्लांटवर दोघांनी दोन बाजूंनी धरून एकेक जार ट्रॉलीत चढवला, खळ्यातला दुसरा भरलेला जार तसाच वर घेतला आणि ट्रॉली गाडीला डाव्या अंगाने समांतर लावली. प्रत्येक जार एका उपड्या कॅरेटवर. आता जाराचं बूड भरायच्या तोंडापेक्षा जवळजवळ फूटभर वर. पाईप म्हणून नानांच्या शेडमधून ठिबकच्या १६ एमएम लॅटरलचं नवं, न वापरलेलं बंडल निघालं, ड्रिपर नसलेली प्लेन नळी. वापरलेली लॅटरल घ्यायची नाही हे मी दोनदा सांगितलं, कारण तिच्यातून खतं आणि अ‍ॅसिड गेलेलं असतं. दोन मीटरचा तुकडा कापला, एका टोकाला लॅटरलचा छोटा कॉक बसवला. लॅटरल नसती तर गवंड्यांची पारदर्शक लेव्हल नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तीही चालली असती. या दोन्ही कायम वापरायच्या नळ्या नव्हेत, त्यासाठी खाण्याच्या दर्जाची नळी घ्यावी. पण पाच मिनिटं पाणी वाहून न्यायला नवी कोरी नळी आधी खळखळून घेतली की पुरते.

नळी तोंडाने ओढून सुरू करायची सवय डिझेलमुळे सगळ्यांना आहे. पिण्याच्या पाण्याला तोंड लावायचं कारण नाही. कॉक बंद करून नळी उभी धरायची, वरच्या टोकातून तांब्याने पाणी ओतून ती गच्च भरायची, अंगठा दाबून ते टोक जाराच्या तळापर्यंत सारायचं. दुसरं टोक भरायच्या तोंडात हातभर आत. मग कॉक उघडायचा. भाचीने हे काम स्वतःकडे घेतलं आणि कोणाला हात लावू दिला नाही.

पहिल्यांदाच पाणी निमूटपणे आत गेलं. नळी बारीक, तोंड मोठं, त्यामुळे नळीच्या भोवतीने आतली हवा सहज बाहेर येत राहिली. हवेचा मार्ग टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या नळीतून, बंद असला तरी इथे तो आयताच मिळाला. एका जाराला चार-पाच मिनिटं लागली. जार अगदी रिकामा होईपर्यंत थांबायचं नाही. तळाशी लिटरभर उरलं की कॉक बंद, म्हणजे नळीत हवा शिरत नाही, आणि वरचं टोक तोंड वर ठेवूनच पुढच्या जारात न्यायचं. असे चार जार, म्हणजे जवळजवळ ८० लिटर, आठच्या सुमारास टाकीत होते आणि दाजींनी तोपर्यंत पाठीला मूव्ह लावून ट्रॉलीत बसून चहा घेतला होता.

ट्रॉली सगळीकडे नसते, हे कबूल. मी दुपारी जेवायला गेलो तेव्हा सोबत १२ व्होल्टचा छोटा बुडवायचा पंप नेला. दीड इंच जाडीचा, जाराच्या तोंडातून आत जातो. जार जमिनीवरच, पंप आत, नळी टाकीच्या तोंडात, वायर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला. मिनिटाला दहा लिटरच्या आसपास ढकलतो, तीन-चार अँपिअर घेतो. शंभर लिटरला दहा-बारा मिनिटं, म्हणजे बॅटरीतून एक अँपिअर-अवरसुद्धा जात नाही. उरलेला एक जार त्याने चढवला. हा पंप कोरडा चालवला तर जळतो, एवढंच सांभाळायचं. भाच्याने विचारलं, "मामा, आपल्या घरच्या जारवरचा चार्जिंगचा पंप नसता का चालला?" चालला असता. तो मिनिटाला लिटरभर देतो आणि मिनिटभराने आपोआप थांबतो, म्हणजे जाराला वीस मिनिटं आणि वीसदा बटण. पण उचलावं लागत नाही, आणि दाजींच्या वयात तेवढं पुरे.

हाताने पाणी आणायचं असेल तर २० लिटरचा एक जार घेण्यापेक्षा १० लिटरचे दोन कॅन घ्यावेत, दोन हातांत दोन. तोल राहतो, आणि घरातली इतर माणसंही उचलू शकतात. कॅन पांढरा, खाण्याच्या दर्जाचा, पहिल्यापासून फक्त पाण्याचा. नाशिक जिल्ह्यात तर औषधांचे रिकामे कॅन इतके स्वस्तात मिळतात की हे ठासून सांगावं लागतं.

थेंबभर क्लोरीन

आरओचं पाणी स्वच्छ असतं, पण त्यात क्लोरीन उरलेलं नसतं. नळाच्या पाण्यात ते असतं म्हणून तिथे दोन दिवस निभावतं. जार कोणी कसा धुतला, नळी किती हातांतून गेली, हे सगळं धरून टाकीत ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट चार मिली घातलं. शंभर लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम होतं. अर्धा तास थांबून मग वापर. मानकाप्रमाणे शेवटी ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. सुवासिक फ्लोअर क्लीनर किंवा कपड्यांचं ब्लीच नव्हे, साधं, सुगंध न घातलेलं, आणि ताजं. उन्हात पडून राहिलेल्या बाटलीचा जोर निम्म्यावर आलेला असतो. प्यायला मात्र एक जार वेगळाच ठेवला होता, तो टाकीत घातलाच नाही.

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर निघण्याआधी टाकी याच हायपोक्लोराइटने धुवून घ्यावी: लिटरला एक मिली, म्हणजे ५० मिलिग्रॅम, प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचं, चार तास ठेवायचं, ओतून द्यायचं, साध्या पाण्याने दोनदा खळबळायचं. या गाडीची ती धुलाई झाली होती की नाही, हे विचारल्यावर भाडेवाल्यांकडून "गाडी सर्व्हिस केलेली आहे" एवढंच उत्तर आलं.

व्हेंट

मंगळवारी गाडी परत द्यायच्या आधी दाजी ती माझ्याकडे घेऊन आले. मी खाली झोपून व्हेंटची नळी शोधली. बोटाएवढी, फ्लोअरखाली मागच्या चाकाजवळ तोंड खाली करून सोडलेली. तोंडावर चिखलाचा गुळगुळीत गोळा, वाळून टणक झालेला, बाजूला सुईच्या अग्राएवढी फट. कुंभारीण माशीचं घर. गाडी पावसाळाभर कुठेतरी उभी असणार, तेव्हा तिने बांधलं. बारीक तारेने फोडल्यावर आतून वाळलेले कोळी पडले, तिने पिल्लांसाठी साठवलेले. तोंडावर स्टीलच्या जाळीचा तुकडा क्लिपने आवळला. मग सगळे नळ एकदम सोडून पाहिले, गीझर एकदाही विझला नाही. भाडेवाल्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं की ते पंप बदलून घेतील.

आत गेलेलं बाहेर येणारच

या प्रकरणात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात नव्हती. शंभर लिटर आत घातले म्हणजे जवळजवळ तेवढेच बाहेर येणार, आणि सांडपाण्याची टाकी तर शनिवारी रात्रीच भरत आलेली. रविवारी दुपारी शॉवरच्या जाळीतून साबणाचं पाणी उलटं वर यायला लागलं तेव्हा कळलं. बंधाऱ्याच्या बाजूला कॉक सोडायचा प्रश्नच नव्हता, अभयारण्य आहे ते. बागेतही नको, वेलींच्या मुळांशी साबण आणि सोडा नको म्हणून. नानांनी घरामागचं केळीचं बेट दाखवलं. गाडी तिथवर जात नव्हती. मग टाकीच्या कॉकखाली बादली लावायची आणि केळींपर्यंत नेऊन ओतायची, अशा खेपा सुरू झाल्या. अर्ध्या बादल्याच भरा, असं दाजींच्या आई ओट्यावरून सांगत होत्या. दाजी पाठ धरून होते, म्हणून मी आणि नानांचा मुलगा.